दिवेलागणीला पिल्लू चावत सुटतं, काय करावं?

निऱ्या_सांभाळा:
भुंगा साधारण ३ महिन्यांचा, गावठी. मार्केटयार्डात टेम्पोखाली एकटाच सापडला, तेव्हा जेमतेम महिन्याचा असेल. दिवसभर शहाण्यासारखा असतो. दिवे लागले की घरभर सुसाट पळतो, सासूबाईंच्या निऱ्यांना लोंबकळतो, माझ्या पोटऱ्या आणि मुलाचे हात ओरबाडतो. काल मुलाला रक्त आलं. शेपूट हलत असते, म्हणजे राग नसावा. शेजारी म्हणतात, नाकावर टिचकी मारा. त्याने तर तो आणखीच चेकाळतो. मोठेपणीही चावराच राहील का?

पंचगंगेची_काकू:
अगं, आधी ती टिचकी बंद. उद्या हात जवळ आला की बिचकायला लागेल, मग खरंच चावेल.

शेपटीवर जाऊ नकोस, रागातही हलते. अंग सैल आहे, पुढचे पाय टेकून ढुंगण वर करतो, तर खेळच. अंग ताठ, नजर रोखलेली, ताटलीपाशी गुरगुर असेल तर डॉक्टर गाठ.

आमच्याकडे कायम एखादं पोरकं पिल्लू असतंच, म्हणून सांगते. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ मोडतं. दात किती रुतवायचा ते तिथे कळतं. भुंग्याची ती शाळा बुडाली, आता तुम्हीच भरवायची. दात लागला की हात झटकायचा नाही, हललेलं पकडायचं हा त्यांचा स्वभावच. हात सैल सोड, गप उठ, दाराआड जा, अर्ध्या मिनिटाने ये. हे घरातल्या सगळ्यांनी. आमच्या ह्यांच्यासारखं कुणी हातांनी कुस्ती खेळत बसलं की सगळं पाण्यात.

पण संध्याकाळचं दुखणं मला झोपेचं वाटतं. या वयाला दिवसात १८-२० तास झोप लागते. मुलाच्या दंग्यात ती होते का? तिन्हीसांजेआधीच चघळायला काहीतरी देऊन शांत खोलीत निजव.

आता दुधाचे २८ दात पडून सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतील, तोवर हिरड्या शिवशिवणारच. ओल्या फडक्याची गाठ फ्रीजरमध्ये गार करून दे, नाहीतर गाजर. शिजवलेलं हाड मात्र नको, त्याच्या चिरफळ्या उडतात.

कंपाउंडर_सांगली:
काकूंचं बरोबर, पण रक्त आलंय ते आधी बघा. रस्त्यावरचं पिल्लू, आईला लस टोचली होती की नाही कोण सांगणार? खेळताना लागलेला दातही दातच. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मुलाला आजच डॉक्टरांकडे न्या. भुंग्यालाही ३ महिने झाले असतील तर रेबीजची लस द्या.

निऱ्या_सांभाळा:
मुलाला घेऊन निघालेच आहे. भुंग्याचं उद्या. काकू, दुपारी सासूबाईंची मालिका आणि हा टीव्हीखाली. झोप कसली होतेय! आजपासून आतल्या खोलीत. गाजर गिळलं तर?

पंचगंगेची_काकू:
अख्खं, जाडजूड दे आणि समोर बस. तुकडा लहान उरला की काढून घे. दुसऱ्या दिवशी शी नारिंगी दिसली तर घाबरून इथे धागा काढू नकोस.