नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन हात हलवत परत आलो, चुकलं कुठे?

पांथस्थ:
मागच्या रविवारी आईला घेऊन पुण्याहून गेलो होतो. खाणगाव थडीच्या मनोऱ्यापाशी पोचेस्तोवर साडेअकरा वाजले. समोर नुसतं चकाकणारं पाणी. कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी तेवढे ओळखू आले, बाकी सगळे ठिपके. आई म्हणाली, "अरे, याहून जास्त पक्षी आपल्या गच्चीत येतात."
एकच पक्षी जवळून दिसला. कोंबडीएवढा, निळा-जांभळा, चोच आणि कपाळ लालभडक. जलपर्णीवर उभा राहून पायाच्या मुठीत देठ धरून सोलत होता, आपण ऊस सोलतो तसा. हा कोण? आणि पुन्हा यायचं तर कधी? आईचे गुडघे दुखतात, मनोरा चढवत नाही.

गोदाकाठ:
ती जांभळी पाणकोंबडी. चालताना शेपटी झटकते तेव्हा खालचा पांढरा रंग चमकतो, बघा पुढच्या वेळी.
माझी द्राक्षबाग तिथून सायकलच्या टप्प्यात आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. साडेअकरा ही काय यायची वेळ झाली? तोवर बदकं चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेली असतात. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. त्या विझत आल्या की मी दुर्बीण घेऊन निघतो.
दुसरं म्हणजे पाणी. हे काही नैसर्गिक तळं नाही. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, डावा-उजवा कालवा इथूनच निघतो. वर्षानुवर्षं गाळ साठून पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली. कालव्याच्या पाण्यावर शेती असणारा गाळाला शिव्याच घालणार (मीही घालतो), पण थापट्या, तलवार बदक, चक्रांग यांची पंगत त्या गाळामुळेच बसते. ही बदकं सहसा बुडी मारत नाहीत. शेपटी आभाळाकडे करून मान पोचेल तेवढंच चरतात. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे कालव्यांसाठीचं पाणी, सुटलं की पाणी चढतं, चिखलाचे उंचवटे बुडतात आणि शेकाटे, तुतवार पांगतात. तुम्ही आलात त्या आठवड्यात आवर्तन चालू होतं.

शेवाळे_काका:
महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून 2020 च्या जानेवारीत केवढं कौतुक झालं! अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी, पाचशेच्या वर वनस्पती, असं सगळे सांगतात. आणि जाऊन बघावं तर हिरवी गादी. ती जलपर्णी एकदाची उपसून टाका.

गोदाकाठ:
काका, उपसायला हवीच. मूळची दक्षिण अमेरिकेची ती, पाणी झाकून टाकते, खाली उजेड पोचू देत नाही. पण यंत्र घातलं की काठचं पाणकणीसही ओरबाडून निघतं, आणि पाणकोंबडी घरटं करते ते त्यात. माझं म्हणणं एवढंच की हिरवं दिसलं ते सगळं जलपर्णी समजू नये. बेशरमाची झुडपं मात्र खुशाल काढा, माझी ना नाही.

पांथस्थ:
म्हणजे आम्ही वेळही चुकलो आणि आठवडाही. आईला हळदी-कुंकू बदक बघायचंय, नावावरूनच तिला आवडलंय.

गोदाकाठ:
ते बाराही महिने असतं. काळी चोच, टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. पण ठिपके दिसायला सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी हवं. आदल्या रात्री निफाडला मुक्कामाला या. निघण्याआधी इथे विचारा, पाणी किती आहे ते सांगतो. आईंना मनोरा नको, बांधावर खुर्ची टाकू. स्वेटर आणि कानटोपी मात्र विसरू नका, पुण्याची थंडी इथे चालत नाही.