मदत हवी आहे: मुलीच्या बोटांवरील चामखिळी वाढत आहेत, जाळून घ्याव्यात की थांबावे?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझी मुलगी ११ वर्षांची आहे. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत ती रविवारी माझ्यासोबत वावरात आली होती आणि त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, अगदी नखाला लागून, ज्वारीच्या दाण्याएवढी खरखरीत गाठ दिसली. बोंडाचे टोक लागून घट्टा पडला असेल असे समजून आम्ही दुर्लक्ष केले. आज दोन्ही हातांवर मिळून तशा सहा गाठी आहेत, आणि तिला नखे खाण्याची सवय असल्यामुळे आता ओठाजवळही एक बारीक ठिपका आला आहे.

सासूबाईंनी मायेपोटी बिब्ब्याचे तेल लावले. दुसऱ्या दिवशी मोठा फोड आला, आठवडाभर मुलीला पेन धरता आला नाही, आणि फोड बरा झाल्यावर चामखीळ होती तिथेच होती. नंतर औषधाच्या दुकानातून सॅलिसिलिक ॲसिडचे औषध आणून १२ दिवस लावले; कातडी पांढरी होऊन सोलली, आग होऊ लागली, म्हणून थांबवले. एका खासगी दवाखान्यात सगळ्या एकाच भेटीत जाळून देऊ असे सांगितले, परंतु नखाचे काय होईल या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

शाळेत तिच्या बाकावर कोणी बसत नाही, हे मला सर्वांत जास्त लागते. चामखीळ शेजारी बसल्याने खरोखर लागते का? जाळणे आवश्यकच आहे का? आणखी एक विचारते: यजमानांच्या टाचेवर एक कडक गोल आहे, भोवरी समजून ते तो ब्लेडने तासतात. तोही हाच प्रकार असेल का?

प्रतिसाद:

ताई, मी अनेक वर्षे त्वचारोग विभागात परिचारिका होते, म्हणून सविस्तर लिहिते. चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होते. त्याचे १०० हून अधिक प्रकार आहेत. तो बारीक खरचटीतून त्वचेच्या वरच्या थरात शिरतो आणि गाठ दिसायला कित्येक आठवडे किंवा महिने लागतात, त्यामुळे बोंडाच्या ओरखड्यातून तो शिरला असणे शक्य आहे. नखे कुरतडल्याने तो बोटाबोटांत आणि ओठापर्यंत पोहोचतो. ती सवय सुटली नाही तर कोणताही उपचार अपुरा पडेल. लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की दोनेक वर्षांत आपोआप जातात. म्हणून जाळण्याची घाई नको.

बिब्बा पुन्हा लावू नका. त्याचे तेल चांगली कातडीही भाजते आणि डाग ठेवून जाते. ॲसिड मात्र तुम्ही फार लवकर सोडले, कारण त्याला साधारण १२ आठवडे द्यावे लागतात. रात्री बोटे ५ ते १० मिनिटे कोमट पाण्यात बुडवावीत, पांढरी मेलेली कातडी कानशीने हलकेच घासावी, भोवतालच्या त्वचेला व्हॅसलीन लावून औषधाचा थेंब फक्त गाठीवर ठेवावा. ती कानस दुसऱ्या कोणी वापरू नये. आग झाली तर काही दिवस थांबून पुन्हा सुरू करावे. ओठाजवळ किंवा चेहऱ्यावर हे औषध मुळीच लावू नये.

नखाजवळ खोलवर जाळले किंवा गोठवले तर नखाच्या मुळाला इजा होऊन नख कायमचे वाकडे येऊ शकते, म्हणून ते काम त्वचारोगतज्ज्ञाकडूनच व्हावे. गोठवण्यासाठी उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन वापरतात आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तो अनेकदा द्यावा लागतो. जाळल्यानंतरही आसपासच्या त्वचेत विषाणू उरला तर गाठ पुन्हा येते, हे तुम्हाला आधीच सांगायला हवे होते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात ओठ आणि नख दोन्ही दाखवा.

शेजारी बसल्याने चामखीळ लागत नाही. थेट स्पर्श आणि एकच टॉवेल वापरणे टाळावे. शाळेत जाताना गाठींवर चिकटपट्टी लावा आणि वर्गशिक्षकांना हे समजावून सांगा.

दादांच्या टाचेचा गोल दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून पाहा. तसे दाबल्यावर जास्त दुखले आणि आत काळे ठिपके दिसले, तर बहुधा चामखीळ. सरळ वरून दाबल्यावर दुखले, तर भोवरी. ब्लेड मात्र आजच बंद करा, आणि त्यांना साखरेचा आजार असेल तर पायाला ॲसिडही लावू नका.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर:

ताई, मनापासून आभार. यजमानांना दोन वर्षांपासून साखर आहे, त्यामुळे ब्लेड आजच टाकून दिले. सोमवारी दोघांनाही घेऊन यवतमाळला जाते, आणि बाकाबद्दल उद्याच शाळेत बोलते.