प्रति: वन बीएचके जाणार का?
‘कम्युनिस्ट आले की माझा कोथरूडचा वन बीएचकेसुद्धा जाणार,’ असं वर म्हटलंय. तसं नाही हो. १८४८च्या जाहीरनाम्यात मार्क्स-एंगल्सचा रोख भांडवली मालमत्तेवर आहे, म्हणजे जिच्या जोरावर दुसऱ्याच्या श्रमातून नफा काढता येतो ती.

माझे वडील भोसरीत लेथवर होते. मशीन मालकाचं; पावसाळ्यात दहा किका मारल्याशिवाय न सुटणारी स्कूटर आमची. मशीन समाजाचं व्हावं, स्कूटरला हात लावायचं कारण नाही. सोव्हिएत संघाच्या १९३६च्या घटनेतही राहतं घर, बचत आणि त्यांचा वारसाहक्क मान्य होता. (प्रत्यक्षात काय झालं, हा वेगळा वाद.)

तुमचा भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट मात्र अडचणीचा. पगार हातात पडताच कामगाराला गाठणाऱ्यांत जाहीरनामा दुकानदार-सावकारांसोबत घरमालकालाही धरतो.