‘पर्सूट ऑफ हॅपिनेस’ला मराठीत काय म्हणावं?

– १७७६ चा अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मराठीत आणतोय. त्यात नाव घेतलेल्या तीन हक्कांपैकी जीवित झालं, स्वातंत्र्य झालं, ‘पर्सूट ऑफ हॅपिनेस’पाशी गाडी अडली. ‘आनंदाचा शोध’ चालेल का?

– आनंद नको. आनंद होतो आणि ओसरतो, शिवाय आपल्याकडे त्याची मजल थेट ब्रह्मानंदापर्यंत जाते. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनच्या काळात हॅपिनेस म्हणजे माणसाचं एकंदर बरं चाललेलं असणं: जीव सुरक्षित, पोटापाण्याची सोय, डोक्यावर लहरी राजा नाही. ‘लेक सासरी सुखात आहे’ म्हणतो तेव्हा ती दिवसभर हसत असते असं थोडंच म्हणायचं असतं? सुखच घ्या. टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) ‘आधिभौतिक सुखवाद’ असं अख्खं प्रकरण आहे, म्हणजे शब्द रुळलेला आहे.

– सुख ठीक, पण कुठे कुठे ‘सुखाचा हक्क’ असं छापतात ते साफ चूक. जाहीरनाम्याच्या तीनच आठवडे आधी व्हर्जिनियाचा हक्कनामा मंजूर झाला, मूळ मसुदा जॉर्ज मेसनचा. त्यात मालमत्ता मिळवण्याची-बाळगण्याची साधनं आहेत, आणि सुख व सुरक्षितता यांच्यामागे लागणं तर आहेच, ती ‘मिळवणं’सुद्धा आहे. जेफरसनच्या वाक्यात मालमत्ता नाही आणि मिळवणंही नाही. उरलं नुसतं मागे लागणं! भाषांतरात ही काटछाट दिसलीच पाहिजे.

– मग ‘सुखाचा पाठपुरावा’?

– पाठपुरावा तहसील कचेरीतल्या फायलीचा करतात हो. ‘शोध’ म्हटलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. मी ‘सुखासाठी झटणे’ करेन.

– जरा विषयांतर. फ्रेंचांचं गणित वेगळं. १७९३ च्या त्यांच्या हक्कनाम्याचं पहिलंच कलम सांगतं की समाजाचं उद्दिष्ट सर्वांचं सुख. म्हणजे इथे माणूस एकटा झटत नाही, सगळ्यांचं मिळून पाहायचं. पुढच्या मार्चमध्ये क्रांतीतला एक पुढारी सेंट-जूस्त याने ‘सुख ही युरोपात नवी कल्पना आहे’ असं भाषणात ठणकावलं, आणि जुलैत स्वतःच गिलोटिनखाली गेला. त्या कलमात मात्र ‘कल्याण’ घालू नका. कल्याण वरून कुणीतरी करतं, राजासुद्धा करतो.

– ‘झटणे’वर माझी हरकत आहे. मुळात तिन्ही नामं आहेत, तोल जातो.

– ‘जीवित, स्वातंत्र्य आणि सुखासाठी झटण्याची मुभा’ असं केलं तर?

– मुभा कुणीतरी देतं. जाहीरनामा म्हणतो, हे हक्क जन्मतःच आहेत, काढून घेता न येणारे. ‘हक्क’च ठेवा, तोल गेला तरी चालेल.