मदत हवी आहे: अनोळखी विक्रेत्याकडून स्वस्तात मॉड्युलर किचन, पैसे सुरक्षित कसे ठेवायचे?

एल आकाराचं किचन करायचंय. एका ऑनलाइन विक्रेत्याचा दर बाकीच्यांच्या जवळपास निम्मा आहे. पण 70 टक्के आगाऊ, तेही बँक ट्रान्सफरनेच. कार्ड चालत नाही म्हणाले, तिथेच पाल चुकचुकली.

कंपनीची नोंदणी खरी आहे, पण अगदी अलीकडची. शोरूम नाही. रिव्ह्यू भरपूर, मात्र बहुतेक एकाच आठवड्यातले. नमुना मागवला तर वरून लॅमिनेट झकास, कापलेल्या कडेला मात्र दाबलेला भुसा, म्हणजे पार्टिकल बोर्ड. कोटेशनमध्ये प्लाय लिहिलंय! विचारल्यावर उत्तर, "तो फक्त रंगाचा नमुना." सिंकखाली तरी मला हा बोर्ड नकोच, पाणी मुरलं की फुगतो.

फिटिंगला माझा सुतार आहे, ओटा आणि चिमणी यात धरलेली नाही. घाईही नाही. "दुसरीकडून घ्या" हे कळतं, पण दरातला फरक बघता आधी खात्री करायचीय.

आगाऊ रक्कम कमी ठेवून उरलेली माल तपासल्यावर द्यायची, हे अशा विक्रेत्याकडून कोणी लेखी मान्य करून घेतलंय का? आणि प्लायचा ग्रेड, बिजागऱ्या, ड्रॉवर सरकवायचे चॅनेल याबद्दल करारात नेमके कोणते शब्द हवेत, म्हणजे भलताच माल आला तर परत करता येईल?