तलावात बोटुकली सोडावी की मोठा मासा? मदत हवी आहे

मंडळी, गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी सार्वजनिक तलावात मासे सोडायचं आमच्या गटात घाटतंय. परवानगीचं काम सुरू आहे, ते सोडा. माझं घोडं अडलंय माशांच्या आकारावर.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू, स्वस्त पडते आणि वाहतूकही सोपी. पण तलावात मरळीसारखे शिकारी मासे आधीच आहेत, पाणकावळे तर रोज हजर. म्हणजे आपल्या पैशाने त्यांचीच पंगत वाढायची का? मोठे मासे सोडले तर जगतील, पण महाग. शिवाय हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, खाद्य खाऊन वाढलेला मासा आमिषाला चटकन लागतो, त्यामुळे काही आठवड्यांत तलाव रिकामा आणि पुन्हा वर्गणी!

जात स्थानिकच हवी, यावर मी ठाम आहे. १९५० च्या दशकात आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात नाईल पर्च हा बाहेरचा शिकारी मासा सोडला आणि पुढे तिथल्या सिक्लिड माशांच्या कितीतरी जाती नाहीशा झाल्या. तो धडा पुरेसा आहे.

मासे आणलेली पिशवी आधी तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तलावाचं पाणी थोडं थोडं आत घालायचं, एवढं ठाऊक आहे. पण सगळे मासे एकाच जागी सोडावेत, की काठाच्या पाणवनस्पतींत विखरून?

आणि जगले किती, हे कसं ओळखता? पोटाखालचा एक पर कापून खूण करतात म्हणे, पण अर्धवट कापलेला पर पुन्हा वाढतो. कोणी केलंय का हे? नेमका कुठून कापता?