मदत हवी आहे: पावसात गाडीच्या काचेवर वाफ धरते, एसी चालू ठेवायचा की बंद?

नमस्कार मंडळी,

रोज मुलुंड ते परळ गाडी चालवते. पाऊस लागला की ईस्टर्न एक्सप्रेसवर समोरची काच पांढरी होते. रात्री पुढच्या टेम्पोचे लाल दिवे दिसतात, टेम्पो दिसत नाही. कुणालाही विचारा, अर्धे म्हणतात एसी लाव, अर्धे म्हणतात एसी बंद कर. वैताग हा की दोन्ही उपाय कधी लागू पडतात, कधी उलटतात. सकाळी नुसता वायपर मारला तरी काच लख्ख होते, संध्याकाळी वायपर ढिम्म उपयोगाचा नाही. एसी बंद केला की कधीकधी क्षणात आणखी दाट होतं ते वेगळंच. आतून फडक्याने पुसलं तर पट्टे राहतात आणि समोरून हेडलाइट आला की तेच चमकतात.

गॅरेजवाला म्हणतो एसीचा गॅस भरून घ्या. भरू का?

जाता जाता, घरी बेडरूमचा एसी २० वर असला की खिडकीची काच बाहेरून ओली होते, आणि त्याच खोलीच्या भिंतीला पलीकडून टेकलेल्या कपाटामागे बुरशी येते. दोन्हींचा संबंध असावा का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, आधी काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर वाफ आत आहे, नाही तर बाहेर. दोन्हींचे उपाय उलटे आहेत, म्हणून दोन्ही बाजूची माणसं खरं बोलतायत.

जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड काच या हवेला लागली की पाणी सुटणारच, फ्रिजमधल्या बाटलीला सुटतं तसं. सकाळी तुमचा एसी जोरात, झोत काचेवर, म्हणून काच बाहेरून भिजते. वायपर मारा, झोत काचेवरून काढा, तापमान वाढवा.

संध्याकाळी ओल्या छत्र्या, भिजलेले पायपोस, माणसांचे श्वास, आणि हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबलेलं. इथे एसी हवाच. त्याची कॉइल शून्याच्या थोडी वर असते, हवेतलं पाणी तिच्यावर गोठत नाही, ठिबकून खाली जातं, आणि गाडीत कोरडी हवा येते. बाहेरची हवा आत घ्या, झोत काचेवर द्या आणि तापमानाचा खटका गरमकडे न्या. एसी आणि हीटर एकत्र चालतात हे आपल्याकडे फार जणांना पटत नाही. गरम हवेत पाणी जास्त मावतं: ३० अंशांना घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम, २० ला १७.

क्षणात दाट होतं त्याचं कारण पंखा चालू ठेवून एसी बंद करणं. ओल्या कॉइलवरचं पाणी उडून पुन्हा गाडीतच येतं.

प्रतिसाद

वर लिहिलंय ते बरोबर. गॅस मात्र उगाच भरू नका. झोत थंड येत असेल तर गॅसचा काही संबंध नाही. त्याऐवजी डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघा. ओलं लागलं तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली असण्याची शक्यता मोठी. एसी चालवून गाडी उभी केल्यावर खाली पाणी ठिबकत नसेल तर तर नक्कीच बघून घ्या.

पट्टे राहतात ते काचेवरच्या तेलकट थरामुळे. आतून साबणाच्या पाण्याने धुवा, कोरड्या सुती कापडाने पुसा. थर चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि पुसूनही परत येत असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळतंय, ते दाखवायलाच हवं. तंबाखू काचेला चोळायचा जुना टॅक्सीवाल्यांचा उपाय बाहेरच्या पावसासाठी, आत कृपया नको.

धागाकर्ती

कार्पेट चिंब निघालं! नळी साफ करायला टाकते. भिंतीचं काय पण?

प्रतिसाद

तीच गोष्ट. थंड भिंतीच्या पलीकडे दमट हवा, आणि मागे वारा नाही. बुरशीला पाणी दिसेपर्यंत थांबायची गरज नसते, भिंतीलगतची आर्द्रता ८०% च्या वर राहिली तरी पुरते. कपाट चार बोटं पुढे ओढा, एसी २५-२६ वर ठेवून पंखा लावा. खिडकीची काच बाहेरून ओली होते त्याची चिंता नको. चौकट लाकडी असेल तर तेवढी पुसत जा.